कपाटाची किल्ली

मागच्या वेळी आपण पापडाच्या पॅकिंगबद्दल बोललो होतो, आज विषय जरा वेगळा आहे. आमच्या बचत गटांतल्या दहा जणी दोन वर्षांपासून पाच गावांतल्या प्राथमिक शाळांची पुस्तकं सांभाळतात. येत्या महिन्यात आणखी काही जणी या कामाला लागणार आहेत. आमच्या हातून काय काय चुकलं ते त्यांना आधीच कळलेलं बरं, म्हणून हे भाषण.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं लिहिलं आहे, आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही हवीत. आमच्याकडे पुस्तकं होती, सांभाळणारं माणूस नव्हतं. दोन शिक्षक, पाच इयत्ता, वर कागदांचा ढीग. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीनं आम्हांला विचारलं. आम्ही हो म्हटलं आणि पहिल्या दिवशी काय केलं असेल? पुस्तकं मोजली, नंबर टाकले, रजिस्टर आखलं, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. गटाच्या हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही आम्ही, मग पुस्तक कसं हरवू देऊ? सहा महिन्यांत एक पान फाटलं नाही. कारण एक पुस्तक बाहेर गेलं नाही!

तेव्हा आम्हांला रंगनाथन यांच्याबद्दल कळलं. ते गणिताचे शिक्षक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले, आणि सुरुवातीला तिथे इतके कंटाळले की परत शिकवायला जावंसं वाटलं. म्हणजे नवखेपणा त्यांनाही चुकला नाही. पुढे १९३१ साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलंच असं, की पुस्तकं वापरासाठी असतात. युरोपात एके काळी पुस्तकं साखळीनं बांधून ठेवत, हेही त्यांनीच लिहून ठेवलंय. आमचं कुलूप म्हणजे तीच साखळी की हो! खरं तर हे आम्हांला गटातूनच कळायला हवं होतं. बचतीचा पैसा पेटीत ठेवला तर तेवढाच राहतो, अंतर्गत कर्जानं फिरला की वाढतो.

कपाट उघडलं, तरी मुलं काही धावत आली नाहीत. मग गोष्टी सांगायला लागलो. तिथंही घोटाळा. गोष्ट संपली की आम्ही विचारायचो, "यातून काय शिकलात?" मुलं चपला घालून पसार. आता तात्पर्य विचारायचं नाही, असं आमचं ठरलंय. मधे थांबून "आता काय होईल?" एवढंच विचारायचं. पुस्तक वाचून दाखवायचं असेल तर चित्रं मुलांकडे, आणि घरी दोनदा मोठ्यानं वाचून यायचं.

आमच्यातल्या एका मावशींची शाळा चौथीत सुटली. त्यांना अडखळत वाचावं लागतं, आणि मुलांसमोर त्याची फार लाज वाटायची. काम सोडते म्हणाल्या. पण जात्यावर बसून आजीकडून ऐकलेल्या गोष्टी त्यांच्याइतक्या कुणालाच येत नाहीत. आम्ही म्हटलं, पुस्तक बाजूला ठेवा, तोंडी सांगा. त्यांनी म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली, त्यात वाघासोबत आपल्या मनानं एक तरसही घुसवलं. दुसऱ्या दिवशी तिसरीतली एक मुलगी कपाटातून तीच गोष्ट शोधून घेऊन आली. "मावशी, यात तरस कुठंय?" वर्गात तोंड न उघडणारी मुलगी ती. मग दोघींनी एकेका शब्दावर बोट ठेवत ते पुस्तक वाचून काढलं, तरस शोधायला. मावशी अजून काम करतात.

आमचं प्रशिक्षण म्हणाल तर ते महिन्याच्या बैठकीत होतं. हप्ते जमा झाले की एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्या मुलं होतात. कुणी चुळबुळ करायची, कुणी मधेच पाणी प्यायला जायचं. नंतर प्रत्येकीनं महिन्यातली एक फसलेली गोष्ट सांगायची. फसलेलीच. चांगल्या गोष्टी बायका आपणहून सांगतात. घरी जाण्याआधी त्या वहीत उतरवून घेतो. नव्या जणींनी सगळ्यांत आधी ती वही वाचावी.

एक प्रश्न मात्र आमच्यात अजून भांडणाचा आहे. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला जातात, आणि आजी-आजोबांजवळ राहायची सोय नसलेली मुलंही सोबत जातात. गेल्या साली चार मुलांनी पुस्तकं मागितली. सहा महिने, ती पण कोपीत, चुलीजवळ! आमच्यातल्या निम्म्या जणी नको म्हणाल्या. मुकादम आज एका कारखान्यावर नेतो, उद्या दुसऱ्या, पुस्तक परत कसं येणार? खूप वाद झाला, शेवटी दिली. तीन पुस्तकं परत आली. एकाचं मुखपृष्ठ गेलं होतं, एकाला पाचटाचा वास येत होता. ते वासाचं पुस्तक नेणाऱ्या पोरानं कोपीतल्या सगळ्या लहान पोरांना ते इतक्यांदा वाचून दाखवलं होतं, की आता न बघता म्हणून दाखवतो. चौथं पुस्तक आलं नाही, कारण ते कुटुंबच अजून गावी आलेलं नाही.

ते हरवलं असं लिहायला आमच्यातली एकही तयार नाही. रजिस्टरच्या शेऱ्यात आम्ही लिहिलंय, "वाचायला नेले आहे."