ईम गावचं चर्च आणि नोंदवहीतली नावं

आज मी तुम्हाला इंग्लंडमधल्या एका गावची गोष्ट सांगणार आहे. डर्बीशायर परगण्यातल्या डोंगराळ भागात ईम नावाचं खेडं आहे. तिथं संत लॉरेन्सचं जुनं चर्च आहे. आवारात आठव्या शतकातला कोरीव दगडी क्रूस उभा आहे. पण लोक लांबून येतात ते साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या आठवणीसाठी.

१६६५ साली लंडनमध्ये प्लेग होता. तिथून ईमच्या शिंप्याकडे कापड आलं. कापड दमट होतं, म्हणून ते वाळत घातलं, आणि त्यातल्या पिसवांनी रोग आणला असं सांगतात. शिंप्याचा मदतनीस जॉर्ज व्हिकर्स पहिला गेला. सप्टेंबरच्या ७ तारखेला त्याला पुरलं. मग एकामागून एक घरं रिकामी होऊ लागली.

लोक पळून गेले असते तर शेजारच्या गावांनाही रोग लागला असता. तेव्हा चर्चचे तरुण धर्मगुरू विल्यम माँपेसन आणि आधीचे धर्मगुरू टॉमस स्टॅन्ली यांनी गावाला एकत्र आणलं. १६६६ च्या जूनमध्ये ठरलं, की गावची हद्द कुणी ओलांडायची नाही. प्रार्थना चर्चमध्ये नाही, मोकळ्या घळीत, अंतर ठेवून करायची. आणि ज्यानं त्यानं आपलं माणूस आपल्याच शेतात, परड्यात पुरायचं.

मग खायचं काय? शेजारचे लोक हद्दीच्या दगडावर धान्य ठेवून जात. ईमचे लोक दगडाच्या खळग्यात व्हिनेगर, म्हणजे शिरका, घालून त्यात पैसे ठेवत. शिरक्यानं नाण्यांवरचा रोग जातो अशी त्यांची समजूत होती.

आता दोन बायकांबद्दल सांगते. धर्मगुरूंची बायको कॅथरीन. मुलांना तिनं बाहेरगावी पाठवलं, स्वतः मात्र नवऱ्याबरोबर गावात राहिली. २५ ऑगस्ट १६६६ रोजी ती प्लेगनं गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. दुसरी एलिझाबेथ हॅनकॉक. आठ दिवसांत तिनं नवरा आणि सहा मुलं गमावली, आणि घराजवळच्या शेतात स्वतःच्या हातांनी पुरली. त्या थडग्यांभोवती आज दगडी कुंपण आहे.

प्लेग थांबेपर्यंत सुमारे २६० माणसं गेली होती. ती आपल्याला ठाऊक आहेत, कारण चर्चच्या नोंदवहीत मेलेल्यांची नावं लिहिली गेली. शेतकरी, खाणकामगार, पोरंबाळं, सगळ्यांची. १९८५ साली चर्चमध्ये प्लेगची कथा सांगणारी रंगीत काचेची खिडकीही बसवली. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी त्या घळीत आठवणीची प्रार्थना होते.

मैत्रिणींनो, हा रोग आपल्याही ओळखीचा आहे. पुण्यातल्या साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनंच गेल्या, १० मार्च १८९७ ला. त्यांचं नाव आपण घेतो. पण त्याच साथीत कुणाच्या तरी उशाशी बसलेल्या बाकी बायकांची नावं कुठं आहेत?

ती आता मिळणार नाहीत. पण करोनाच्या काळातली अजून मिळतील. घरोघर फिरलेली आशाताई, अंगणवाडीच्या ताई, चुलीवर दोन घरांचं जास्तीचं रांधणारी शेजारीण, आणि त्या दिवसांत गेलेल्या आपल्या मैत्रिणी. माझं एवढंच सांगणं आहे, की येत्या मासिक बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, की बचत गटाच्या वहीत एक कोरं पान काढा. प्रत्येकीनं आठवेल ते नाव सांगावं. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ असं नको, तिचं स्वतःचं नाव. पुढं काय केलं ते एका ओळीत.

हे चाळीस पन्नास वर्षांनी आपल्या नातींच्या हातात पडेल. दगडी स्मारक बांधायला पैसा लागतो. वहीला फक्त पेन लागतं. लिहायला आपल्याला येतं, तर लिहूया.