कळफलकावरचा ‘ळ’

(हीरकमहोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



या हीरकमहोत्सवी ग्रंथासाठी शाळेच्या कपाटातून जुने अंक बाहेर काढले गेले, तेव्हा एक गंमत उघडकीस आली. गंमत म्हणण्यापेक्षा तिला इशारा म्हणणे अधिक योग्य. रौप्यमहोत्सवी अंक खिळे जुळवून छापलेला. त्याची पाने पिवळी पडली आहेत, बांधणी सुटली आहे, एका कोपऱ्याला वाळवी लागून गेली आहे. पण त्यातले अक्षर न् अक्षर वाचता येते. सुवर्णमहोत्सवी अंक मात्र संगणकावर जुळवलेला. त्याच्या छापील प्रती हातोहात गेल्या आणि कपाटात उरली ती एक चकचकीत सीडी. ती संगणकात घातली, मजकूर उघडला, पण पडद्यावर मराठीचे एकही अक्षर दिसेना. रोमन अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि डोक्यावर टोप्या घातलेले परदेशी स्वर यांची नुसती गर्दी! पस्तीस वर्षांपूर्वीचा अंक अजून बोलत होता आणि दहा वर्षांपूर्वीचा मुका झाला होता.

कारण साधे होते. त्या काळी छपाईसाठी वापरले जाणारे अनेक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवीत. माणसाला ‘शाळा’ दिसे. संगणकाच्या स्मरणात मात्र चार-पाच रोमन चिन्हे साठत. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. तो फॉन्ट संगणकावर असेतोवर सारे ठीक. तो गेला की मजकुराचा अर्थही गेला. वास्तविक १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हाच देवनागरीच्या जवळजवळ प्रत्येक अक्षराला जगभर एकच असा स्वतंत्र क्रमांक मिळाला होता. ‘ळ’चा क्रमांक दशमान पद्धतीत २३५५. हा क्रमांक साठवला की फॉन्ट कोणताही असो, ‘ळ’ हा ‘ळ’च राहतो. परंतु सोय उपलब्ध असणे आणि ती अंगवळणी पडणे यांत वर्षानुवर्षांचे अंतर असते. त्या अंतरात अनेक संस्थांची कागदपत्रे अडकली. शाळेचा अंकही अडकला.

सुदैवाने काचीगुड्यातील एका माजी विद्यार्थिनीच्या घरी छापील प्रत सापडली. आठवी-नववीच्या मुलांनी तो अंक पुन्हा टंकित करण्याचे काम अंगावर घेतले. काहींनी शाळेच्या संगणकावर, बहुतेकांनी आईवडिलांच्या मोबाइलवर. पानामागून पाने शाळेकडे येऊ लागली, आणि रोजच्या वापरातले हे उपकरण मराठी माणसाला किती बारीकसारीक बाबतींत अडवते, याचा जणू एक पाठच मुलांना मिळाला.

पहिलेच पान आले, तर ‘शाळा’ची झाली होती ‘शाला’. ‘मुलांना वेळ पुरेना’ या वाक्यात ‘वेळ’ची ‘वेल’ झाली होती, आणि ‘काळ बदलला’ या गंभीर विधानात ‘काल’ बदलला होता! मुलांची चूक नव्हती. मोबाइलमध्ये देवनागरी म्हणून हिंदीचा कळफलक चालू होता. त्याला ‘ळ’ सहसा लागत नाही, म्हणून ते अक्षर दुसऱ्या अक्षराच्या पोटात दडलेले. शिवाय मदतीस तत्पर असलेली शब्दसुचवणी ‘पाणी’ला ‘पानी’ करून पुढे सरकत होती. उपकरणाच्या लेखी देवनागरी लिहिणारा तो हिंदीच. हैदराबादसारख्या शहरात, जेथे मराठी मूल रस्त्यावर तेलुगू ऐकते, बाजारात दखनी बोलते आणि दुकानांच्या पाट्यांवर इंग्रजी वाचते, तेथे मोबाइलने असा समज करून घेतला तर त्याचे आश्चर्य वाटायला नको. मात्र तो समज दुरुस्त करणे हे त्या मोबाइलच्या मालकाचेच काम आहे.

दुसरी फजिती अधिक रुचकर होती. सुवर्णमहोत्सवाच्या स्नेहभोजनाच्या वृत्तान्तात ‘आचाऱ्यांचा सत्कार करण्यात आला’ असे मूळ वाक्य होते. टंकित प्रतीत ‘आचार्यांचा सत्कार’ झाला. ज्यांनी पाचशे पानांना पुरणपोळी वाढली, त्यांचा मान एका रफाराने हिरावून घेतला! ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत जो भेद आहे तोच हा भेद. मराठी कान तो चटकन ओळखतो. युनिकोडमध्ये त्याची व्यवस्था आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्या कळीवर शिफ्ट दाबून ‘ऱ’ मिळतो, त्याला हलन्त देऊन पुढे ‘य’ लिहिला की काम झाले. पण हे मुलांना कोणी सांगितलेच नव्हते.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसतच नव्हती. ‘ॲडमिशन’ हा शब्द शोधला, तर निम्म्या ठिकाणी सापडे, निम्म्या ठिकाणी नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. तोवर लोक ‘अ’वर चंद्र ठेवून काम भागवीत, ती सवय अजून आहे. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाला एक अक्षर वेगळे आणि दोन चिन्हांची जोडी वेगळी. ‘ल’ आणि ‘श’ यांचेही तेच गाऱ्हाणे. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण मानले. तरीही बहुतेक पडद्यांवर आजही त्यांचे हिंदी वळणच दिसते. पहिलीच्या वर्गात बाई फळ्यावर एक ‘ल’ काढतात आणि घरी मोबाइल दुसराच ‘ल’ दाखवतो.

एवढ्याशा गोष्टींचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. या प्रश्नाचे उत्तर टंकलेखनात नाही; ते मुलांच्या आपसांतल्या संदेशांत आहे. शाळेच्या आवारात अस्खलित मराठी बोलणारी मुले मोबाइलवर मराठी लिहितात ती रोमन लिपीत. त्यांना मराठीचा कंटाळा नाही. देवनागरीत लिहिताना होणारा त्रास नको असतो. के, ए, एल ही तीन रोमन अक्षरे वाचून समोरच्याने ठरवायचे, की हा ‘काल’ आहे, ‘कल’ आहे, ‘कळ’ आहे की ‘काळ’ आहे. मित्राला ते संदर्भाने कळते. नांदेडच्या आजीला कळत नाही. मराठवाडा आणि हैदराबाद १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. येथील कितीतरी घरांची निम्मी नाती आजही तिकडे आहेत. आजी मोठ्या कष्टाने एकेक अक्षर शोधून ‘बाळा, जेवलास का?’ असे लिहिते आणि नातवाचे उत्तर तिला शेजारच्या मुलाकडून वाचून घ्यावे लागते. पूर्वीच्या आंतरदेशीय पत्राला आठ दिवस लागत, पण ते तिचे तिला वाचता येई. आजचा संदेश क्षणात पोहोचतो आणि दारातच थांबतो.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलाच्या दृष्टीने तर हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे. त्याच्या अवतीभवती मराठी पाट्या नाहीत, मराठी तिकिटे नाहीत, मराठी अर्ज नाहीत. शाळेच्या वहीखेरीज ते मराठी लिहील अशी जागा एकच उरते, आणि ती म्हणजे मोबाइल. तेथेही देवनागरी सुटली, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबरच मराठी लेखनही संपते.

म्हणून उपकरणाला दूषणे देऊन भागणार नाही. त्याच्या पोटात मराठीसाठी पुष्कळ काही आहे. इन्स्क्रिप्टची रचना आपल्या वर्णमालेवर आधारलेली आहे: स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला, ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळीवर. तेलुगूचा कळफलकही याच रचनेचा. ज्या कळीवर मराठी ‘ळ’ तेथेच तेलुगूचा ‘ळ’. हैदराबादच्या मुलाने एकदा बोटे बसवली, की त्याला दोन लिपी एका कष्टात साधतात. मोबाइलवर भारतीय भाषा दिसाव्यात व लिहिता याव्यात, यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०१६ साली मानकही केले. त्यानुसार राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषा मोबाइलवर वाचता आल्या पाहिजेत. लिहिण्याची सक्ती मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एका भारतीय भाषेपुरतीच आहे. ती आणखी एक भाषा मराठी असावी की नाही, हे ग्राहकाच्या आग्रहावर ठरते. कोणी प्रस्ताव मांडल्याखेरीज युनिकोडमध्ये नवे अक्षर येत नाही. ‘ॲ’ तेथे पोहोचला, कारण त्याची उणीव कोणाला तरी खटकली आणि ती व्यक्ती नुसते कुरकुरत बसली नाही.

पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी करण्याजोग्या गोष्टी अगदी लहान आहेत. आज घरी गेल्यावर मोबाइलच्या सेटिंगमध्ये कळफलकाची भाषा म्हणून हिंदीऐवजी मराठी निवडावी. ‘ळ’ समोर येईल. मुलांना संदेश देवनागरीतच पाठवावा. तो चुकला तरी चालेल, मुले दुरुस्त करतील आणि दुरुस्त करता करता शिकतील. माजी विद्यार्थ्यांचे जे गट मोबाइलवर आहेत, त्यांत आठवड्यातून एक दिवस तरी केवळ देवनागरीचा ठेवावा. आणि ज्यांच्या घरी शाळेचे जुने अंक, पत्रके, अहवाल असतील, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी शाळेकडे पाठवावेत. या ग्रंथाचा मजकूर युनिकोडमध्ये जतन होणार आहे. शिवाय चांगल्या कागदावरच्या पाच छापील प्रती कुलूपबंद कपाटात राहणार आहेत. सीडीने शिकवलेला धडा शाळा विसरलेली नाही.

सुवर्णमहोत्सवी अंकाचे पुनर्टंकन श्रावणात पूर्ण झाले. शेवटचे पान एका नववीतल्या मुलीने टंकित केले. त्याखाली तिने स्वतःहून एक ओळ घातली होती: ‘तपासले. आचाऱ्यांचा सत्कार आचाऱ्यांनाच परत केला आहे.’ साठ वर्षांच्या शाळेला याहून मोठी पोचपावती कोणती हवी?