टाळूवरची चुंबळ

जुन्या लुगड्याचा धडपा घ्यायचा, पिळायचा, पंजाभोवती दोन-तीन वेढे द्यायचे आणि टोक आत खोचायचं. झाली चुंबळ! ना सुई-दोरा, ना पैसा.

हंड्याचं बूड गोलसर, डोकंही गोल. एकावर एक ठेवलं तर टाळूच्या रुपयाएवढ्या जागेवर सारा भार येतो. चुंबळीच्या कड्यावर हंडा बसला की तोच भार सभोवार पसरतो आणि हंडा डुलतही नाही. बिनशिकलेल्या बायकांचं हे पदार्थविज्ञान!

पण पसरलेला भार कमी होत नाही. पंधरा लिटरच्या हंड्यात पाणीच पंधरा किलो. वर कळशी असली तर विचारूच नका. चुंबळ टाळू वाचवते, मान नाही. टाळू दुखत नाही, म्हणून बघणारे आपण खुशाल म्हणतो, ‘त्यांना सवय असते.’

बाजारातल्या हमालाचंही तेच. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली कायदा झाला. त्याआधी, १९६७ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. शंभर किलोची पोती मात्र पुढेही वर्षानुवर्षं चढत-उतरत राहिली.

आमच्याकडे नळ आला तेव्हा आजीनं चुंबळ डोक्यावरून चुलीपाशी आणली, गरम पातेल्याखाली. तिची मान तोवर वळेनाशी झाली होती. मागून हाक मारली की आजी सगळीच्या सगळी वळायची.