डब्याच्या आतले चित्र



वसंत व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल. या व्यासपीठावरून संतवाङ्मयाचा, राज्यघटनेचा, शेतीच्या प्रश्नांचा ऊहापोह होत असतो. तेथे आगगाडीचा डबा कोठून आला? आणि तोही अमेरिकेतला, जुना, आणि बाहेरून नव्हे तर आतून पाहायचा! माझे एवढेच मागणे आहे की, तासभर थांबावे. विषय डब्याचा असला तरी प्रश्न पुराव्याचा आहे. एखादे जुने छायाचित्र हाती आले, त्याच्या पाठीवर काही लिहिलेले नाही, तर त्याच्याकडून आपण काय काय कबूल करून घेऊ शकतो आणि कोठे थांबले पाहिजे, हा तो प्रश्न होय.

आगगाडीची बाहेरून काढलेली छायाचित्रे उदंड आहेत. एंजिनाचे वेड असलेली मंडळी सर्व देशांत होती आणि आहेत. बाहेरच्या चित्रात कंपनीचे नाव असते, क्रमांक असतो, स्टेशनची पाटी असते. आतल्या चित्रात यांपैकी बहुधा काहीच नसते. शिवाय आतले चित्र गाडीसाठी काढलेलेच नसते. ते तीन प्रकारच्या माणसांनी काढलेले असते. पहिला डबा बांधणारा कारखानदार. त्याच्या चित्रात डबा रिकामा, लखलखीत आणि माणूसविरहित असतो. दुसरा वृत्तपत्राचा छायाचित्रकार. तो संप, बर्फ, निवडणूक किंवा अपघात यांपैकी काहीतरी घडल्यावर येतो. तिसरा घरचाच कोणी. त्याला आपला भाऊ किंवा मैत्रीण टिपायची असते, डबा केवळ मागे येतो. तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा की, हे चित्र कोणी आणि कशासाठी काढले? रिकाम्या डब्याचे चित्र बहुधा डब्याच्या जन्माजवळचे असते. भरलेल्या डब्याचे चित्र त्याच्या आयुष्यातल्या कोणत्याही वर्षाचे असू शकते.

अमेरिकेत न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, शिकागो या शहरांभोवती रोज सकाळी कामाला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्यांचा एक मोठा वर्ग शंभरावर वर्षे या डब्यांतून जात आला आहे. आपल्या मुंबईच्या चाकरमान्याचाच तो भाऊबंद. त्याने आपल्या आयुष्याचे रोजचे दोन तास जेथे काढले, त्या जागेची लेखी नोंद फारशी कोणी केली नाही. नोंद आहे ती या चित्रांत. म्हणून ती ओळखता आली पाहिजेत.

ओळखण्याची रीत सांगतो. सर्वांत आधी चित्र उलटे छापलेले नाही ना, हे पाहावे. निगेटिव्ह उलट बाजूने ठेवली की डावे ते उजवे होते. जाहिरातीची अक्षरे पाहावीत. ती नसतील तर पुरुषांचे कोट पाहावेत. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते. सर्वांचीच उजवी बाजू वर आलेली दिसली, तर दोष शिंप्याचा नसून छापणाऱ्याचा असतो.

त्यानंतर बाकांची मांडणी. भिंतीला लागून लांबच लांब बाक आणि मध्ये उभ्या माणसांच्या हाताला धरायला कड्या किंवा पट्टे असतील, तर तो बहुधा शहरातल्या भुयारी गाडीचा डबा. मध्ये वाट आणि दोन्ही अंगांना आडवे बाक असतील, तर उपनगरी रेल्वेकडे वळावे. या आडव्या बाकांत एक गंमत आहे. पुष्कळ जुन्या डब्यांत बाकाची पाठ उलटवता येई. गाडी शेवटच्या स्टेशनावर पोचली की पाठ पलीकडे ढकलायची, म्हणजे परतीच्या प्रवासातही उतारूंचे तोंड पुढच्या बाजूला. फिलाडेल्फियाच्या हेल अँड किलबर्न कंपनीचे असे बाक प्रसिद्ध होते. बाकाच्या कडेचा लोखंडी सांधा चित्रात स्वच्छ दिसला, तर तो डब्याच्या वयाबद्दल बरेच सांगून जातो.

मग वर पाहावे. छताचा मधला भाग उंचावलेला आणि त्याच्या कडांना लहान खिडक्यांची रांग असेल, तर ती जुनी घडण. छत साध्या कमानीचे असेल तर बहुधा पुढची पिढी. मग दिवे. घरोघर ठाऊक असलेला नळीचा दिवा, म्हणजे ट्यूबलाइट, अमेरिकेत १९३८ साली बाजारात आला. चित्रात तो दिसला तर चित्र त्याआधीचे नाही, हे शपथेवर सांगावे. उलट मात्र सांगता येत नाही. साधे बल्ब दिसले म्हणून चित्र १९३८ पूर्वीचे ठरत नाही, कारण जुने बल्ब पुढे अनेक वर्षे तसेच राहिले. ही गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित करतो. एखादी वस्तू दिसली तर ती ‘याच्या आधी नाही’ एवढे सांगते. ‘याच्या नंतर नाही’ हे ती क्वचितच सांगते. पुष्कळ चुकीच्या तारखा या एका घोटाळ्यातून जन्मतात.

शेवटी डब्याच्या टोकाची भिंत. दाराच्या वर डब्याचा क्रमांक लिहिलेला असतो. भिंगातून तो वाचता आला तर निम्मे काम झाले. निम्मेच, कारण एकच क्रमांक अनेक कंपन्यांच्या डब्यांवर असतो.

आता उदाहरणे घेऊ. न्यूयॉर्कच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचे बेट आहे. तेथील रेल्वे १९०० पासून पेन्सिल्व्हेनिया रेल्वेच्या ताब्यात आली. पेन्सिल्व्हेनिया रेल्वेने नद्यांखालून बोगदे खणून १९१० मध्ये मॅनहॅटनमध्ये आपले भव्य स्टेशन उघडले. बोगद्यात लाकडी डबे नेणे धोक्याचे होते. १९०३ मध्ये पॅरिसच्या भुयारी रेल्वेत आग लागून ८४ माणसे दगावली होती. म्हणून सर्व डबे पोलादी करायचे ठरले. त्यातून ‘एमपी ५४’ हा डबा आला. ‘एम’ म्हणजे मोटर, ‘पी’ म्हणजे प्रवासी, आणि ५४ म्हणजे प्रवाशांच्या कक्षाची फुटांतली लांबी. त्याच्या टोकाच्या भिंतीत दाराच्या दोन्ही बाजूंना दोन गोल खिडक्या असत. त्यामुळे तोंड घुबडासारखे दिसे. चित्रात त्या दिसल्या की डब्याचे कूळ ठरते.

कूळ ठरते, गाव ठरत नाही. हेच डबे लाँग आयलंडवरही धावले आणि फिलाडेल्फियाच्या उपनगरांतही. पहिल्या ठिकाणी वीज रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून येई. दुसऱ्या ठिकाणी, १९१५ पासून, डोक्यावरच्या तारेतून ११,००० व्होल्टने. हा फरक बाहेरून लहान मुलालाही दिसेल; आत बसलेल्याला तो दिसत नाही. तेव्हा खिडक्यांच्या वरच्या जाहिराती वाचाव्यात. दुकान ब्रुकलिनचे की फिलाडेल्फियाचे, यावर निकाल लागतो. कारखान्यातल्या तज्ज्ञाला जे सांगता येत नाही, ते कापडवाल्याची जाहिरात सांगते.

काही डबे मात्र पाहताक्षणीच ओळखू येतात. लाँग आयलंडवर गर्दी वाढली तेव्हा दुमजली डबा करून पाहिला. पहिला नमुना १९३२ चा, आणि मोठ्या संख्येने ते आले दुसऱ्या महायुद्धानंतर. वाट एकच, मधोमध; तिच्या दोन्ही बाजूंना समोरासमोरच्या बाकांचे कप्पे, एक पायरी उतरून आणि एक पायरी चढून. चित्रात माणसांची डोकी आळीपाळीने वर-खाली दिसतात. शिकागोला १९५० मध्ये बर्लिंग्टन रेल्वेने वेगळी तोड काढली. तेथे वरच्या बाजूला नाटकगृहासारखे दोन अरुंद सज्जे, त्यांत एकेकट्या खुर्च्या, आणि मधला भाग छतापर्यंत मोकळा. तो मोकळा का? कारण कंडक्टरला जिना न चढता, खालूनच वरच्यांची तिकिटे पाहता यावीत. डब्याची सगळी रचना एका तिकीट तपासणाऱ्याच्या पायांचा विचार करून झाली आहे! मोकळी जागा दिसली की शिकागोची पद्धत समजावी, मग ते डबे पुढे सॅन फ्रान्सिस्कोकडे गेलेले का असेनात.

आता सर्वांत फसवे उदाहरण. न्यूजर्सीत लॅकावाना रेल्वेची उपनगरी वाहतूक १९३० मध्ये विजेवर आली. हडसनकाठच्या होबोकनहून पहिली गाडी हाकायला वृद्ध थॉमस एडिसन स्वतः आले होते. त्यांच्याच नावाच्या, त्याच राज्यातल्या एडिसन गावी आज पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. या डब्यांची आसने वेताच्या विणीची होती. आपल्या जुन्या आरामखुर्चीची आठवण व्हावी अशी. हे डबे १९८४ च्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे ५४ वर्षे धावले, आणि वेत तोच राहिला. त्यामुळे वेताची आसने पाहून कोणी ‘सुमारे १९३५’ असे लिहिले, तर ते अर्ध्या शतकाइतके चुकू शकते. नंतर यांतले पुष्कळ डबे हौशी पर्यटन-रेल्वेंकडे गेले. तेथे जुन्या पोशाखात बसून काढलेले कालपरवाचे चित्रही सापडेल. अशा वेळी डबा सोडून माणसांकडे पाहावे: टोपी, केस, मनगटावरचे घड्याळ, हातातले वर्तमानपत्र. डबा म्हातारा होतो. वर्तमानपत्र एकाच दिवसाचे असते.

आपण म्हणाल, हा सारा हौशी माणसांचा वेळ घालवण्याचा उद्योग. चूक झाली तर कोणाचे काय बिघडते? म्हणून आता एक गंभीर गोष्ट सांगतो.

१९५० साली लाँग आयलंड रेल्वेवर नऊ महिन्यांत दोन भीषण अपघात झाले. १७ फेब्रुवारीला रॉकव्हिल सेंटर येथे, बांधकामामुळे दोन्ही दिशांचे रूळ तात्पुरते एकमेकांत गुंतवलेल्या जागी, दोन गाड्या समोरासमोर आल्या. तीसहून अधिक माणसे मेली. २२ नोव्हेंबरला, ‘थँक्सगिव्हिंग’ सणाच्या आदल्या संध्याकाळी, क्यू गार्डन्स आणि जमैका यांच्या दरम्यान उभ्या राहिलेल्या गाडीवर मागून दुसरी आदळली; ७८ माणसे मेली. सणासाठी घरी निघालेली माणसे ती.

दोन्ही वेळी डबे एकाच कुळातले, दोन्ही वेळी अंधार, दोन्ही वेळी अंगात थंडीचे कोट. मोडक्या डब्याच्या आतले, पाठीवर काही न लिहिलेले चित्र हाती आले, तर ते कोणत्या अपघाताचे? गोल खिडक्या येथे उपयोगाच्या नाहीत. पण मोडतोड बोलते. गुंतलेल्या रुळांवर समोरून आलेल्या गाड्यांची एकच बाजू एकमेकींना भिडते आणि डबा लांबीच्या दिशेने चिरत जातो. मागून बसलेल्या धक्क्यात एक डबा दुसऱ्याच्या टोकात घुसतो. एका बाजूचे बाक नाहीसे झालेले आणि दुसऱ्या बाजूचे शाबूत असतील, तर मन फेब्रुवारीकडे झुकते; टोकापासून सगळेच बाक दाबले गेले असतील, तर नोव्हेंबरकडे. झुकते, एवढेच म्हणायचे. खात्रीसाठी क्रमांक हवा, किंवा त्या दिवसाचा अंक हवा. खात्री नसेल तर चित्राखाली ‘लाँग आयलंड रेल्वे, १९५०’ एवढेच लिहून थांबावे. कारण त्या चित्रातला रिकामा कोट कोणाच्या तरी वडिलांचा आहे. त्याला भलत्या दिवशी, भलत्या ठिकाणी मेलेला ठरवण्याचा आपल्याला अधिकार नाही. त्या दोन अपघातांनंतरच त्या रेल्वेवर गाडीचा वेग आपोआप आवरणारी यंत्रणा बसवली गेली. म्हणजे त्या चित्रांचे ऋण पुढच्या प्रत्येक उतारूवर आहे.

आता समुद्र ओलांडून घरी येऊ. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, १,५०० व्होल्टच्या दाबावर. शिकागोच्या इलिनॉय सेंट्रलने पुढच्याच वर्षी तोच दाब घेतला. १९२८ मध्ये कुलाबा–बोरिवली मार्ग विजेवर आला. तेव्हापासून मराठी माणसाचे निम्मे आयुष्य या डब्यांत गेले आहे. भजने तेथे झाली, भाजी तेथे निवडली गेली, लग्ने तेथे जुळली. पण त्या डब्यांची आतली चित्रे आपल्या घरांत किती आहेत? असतील तर त्यांच्यावरही हीच रीत चालते. भारतातला तिसरा वर्ग १९७४ मध्ये गेला. ती पाटी दिसली की डबा त्याआधी रंगवलेला. वातानुकूलित उपनगरी गाडी २०१७ च्या डिसेंबरात आली. मिटलेली स्वयंचलित दारे दिसली की चित्र त्यानंतरचे. मधल्या काळासाठी बाकाच्या फळ्या, पंख्याची जाळी, कड्यांची घडण या वस्तूंची नोंद जाणत्यांनी एकत्र करायला हवी. रेल्वेच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कारागीर आपल्यात आहेत तोवरच ती होऊ शकेल. कोणता पंखा कोणत्या डब्यात होता हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे. कागदावर ते उतरलेले नाही.

आणि प्रत्येकाला करता येईल असे एक काम आहे. घरी गेल्यावर जुना आल्बम काढा. वडिलधाऱ्यांना विचारा, आणि मऊ पेन्सिलीने चित्राच्या पाठीवर लिहून ठेवा: कोण, केव्हा, कोणत्या मार्गावर. आठवत नसेल तेथे अंदाज लिहू नका; जागा कोरी सोडा. कोरी जागा पुढे कोणीतरी भरील. चुकीची ओळ खोडायला मात्र कोणी धजत नाही.

छायाचित्र हा प्रामाणिक साक्षीदार आहे, पण मितभाषी आहे. त्याने पाहिले तेवढेच त्याला विचारावे, आणि त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत.