पाव, भाकरी आणि मोडाची नाचणी



कर्जत स्टेशनावर वडापाव खावा आणि घरी तांदळाची भाकरी खावी, असा आपला रिवाज. पाव हलका, जाळीदार. भाकरी तशी का होत नाही? आम्ही एकदा हौसेने नुसत्या नाचणीचा पाव करून पाहिला. वीट निघाली! म्हशीनेही हुंगून सोडली.

कारण असे. गव्हाचे पीठ मळले की त्यात रबरासारखा चिवट चिकटा होतो. त्याला ग्लुटेन म्हणतात. त्याच पिठात अमायलेज नावाचे विकर असते. ते पिष्टाची साखर करते. ती साखर यीस्ट खाते आणि वायू सोडते. वायू चिकट्यात अडकतो, पाव फुगतो. तांदूळ-नाचणीत ग्लुटेन नाही. म्हणून तर आपल्या बाया उकड काढतात. उकळत्या पाण्याने पिष्ट फुगून चिकट होते, मग भाकरी थापता येते. ही विद्या त्यांना कोणत्या शाळेने शिकवली?

आता नाचणीचे, म्हणजे नागलीचे ऐका. तिला मोड आला की तिच्यातही अमायलेज खूप वाढते. कोंबाला साखर हवी असते ना!

खालापूरकडच्या एका वाडीत एक आई आम्हांला म्हणाली, "गुरुजी, घट्ट पेज पोर गिळत नाही. पातळ केली तर घटकेत भुकेनं रडतं." खरेच होते तिचे. सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधाबरोबर वरचे अन्न लागते. पण पोट लहान, ते पाण्यानेच भरते.

तर असे करा. नाचणी रात्रभर भिजवा. फडक्यात बांधून दोन दिवस मोड आणा. बुरशी दिसली तर सगळी टाकून द्या. पावसाळ्यात फार जपा. उन्हात कडक वाळवा, मोड चोळून काढा, दळा. भाजू नका, विकर मरते.

साध्या पिठाची घट्ट पेज शिजवून खाली उतरवा. जरा निवू द्या, पण बोटाला सोसणार नाही इतकी गरम असावी. चमचाभर मोडाचे पीठ घालून ढवळा. थोड्या वेळात पेज पातळ होते. पाणी थेंबभर घातले नाही, पीठ होते तेवढेच! मग पुन्हा एक उकळी आणा आणि कोमट करून भरवा.

त्या पोराने आमच्यासमोर वाटी संपवली. आजी दारातून म्हणाली, "मोडाचं पीठ आम्ही पण करायचो, गुरुजी. तयार पीठ मिळायला लागलं नि सुटलं."

पुढच्या बुधवारी येताना सगळ्यांनी मूठभर नाचणी आणा. इथेच भिजत घालू.