जुनी दगडी घरे आणि भूकंपसुरक्षा
(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेले भाषण)



३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्याच्या स्मृतीतून कधीही पुसली जाणार नाही. गणेश विसर्जन आटोपून गावे निजली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या सीमेवरील भूमी हादरली आणि किल्लारी, सास्तूर परिसरातील गावे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपानेही पहाटेच घाला घातला होता. दोन्ही वेळी माणसे आपापल्या घरांत झोपलेली होती. भूकंपाने भूमी हलविली. परंतु प्राण घेतले ते प्रामुख्याने कोसळणाऱ्या घरांनी, हे सत्य प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

किल्लारीच्या आपत्तीनंतर लोकांनी दगडाचीच धास्ती घेतली. वस्तुतः दोष दगडाचा नव्हता. दगड दगडाशी बांधलेला नव्हता, हा खरा दोष होता. जुन्या घराची भिंत दोन ते चार फूट रुंद असते आणि बाहेरून ती भक्कम दिसते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसून दोन भिंती असतात. आतील व बाहेरील अंगास मोठे दगड रचलेले असतात आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती भरलेली असते. दोन्ही अंगांना जोडणारा आरपार दगड क्वचितच आढळतो. धक्का बसताच मधली भर खाली दबते, दोन्ही अंगे एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येते आणि ती ढासळते. कोपऱ्यांतही दोन भिंतींची नीट गुंफण नसल्याने त्या एकमेकींना आधार देऊ शकत नाहीत.

यात भर पडते ती माळवदाची. उन्हाळ्यात गारवा हा त्याचा गुण निर्विवाद आहे. परंतु गळती थांबविण्यासाठी वर्षानुवर्षे मातीचे थर चढत जातात आणि छप्पर मूळच्यापेक्षा कितीतरी जड होते. भूकंपात इमारतीवर येणारे बल तिच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे छतावरील प्रत्येक पाटी माती हा धोक्याचाच भार ठरतो.

किल्लारीचा परिसर त्या वेळी भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या विभागात गणला जात होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो सर्वांत खालचा विभागच रद्द करण्यात आला. आपल्या भागात भूकंप होत नाही, हा समज सुरक्षिततेचा आधार होऊ शकत नाही, हाच त्याचा अर्थ होय.

जुनी घरे पाडून सर्वत्र नवी बांधणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. भारतीय मानक ब्युरोने १९९३ मध्येच कमी ताकदीच्या बांधकामासाठी आयएस १३८२८ आणि इमारतींची दुरुस्ती व मजबुतीकरण यांसाठी आयएस १३९३५ ही मानके प्रसिद्ध केली. दुसऱ्या मानकाची सुधारित आवृत्ती २००९ मध्ये निघाली. त्यांतील मुख्य गोष्टी गावच्या गवंड्यास सहज समजण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे छताचा भार कमी करणे. माळवदावरील जादा माती उतरवावी आणि गळती थांबविण्यासाठी दुसरा उपाय योजावा. लाकडी खांब व तुळया जेथे मिळतात तेथे तिरके आधार ठोकून सांधे पक्के करावेत.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीची दोन्ही अंगे एकमेकांस जोडणे. त्यासाठी भिंतीवर आडव्या व उभ्या दिशेने सुमारे एकेक मीटर अंतरावर खुणा कराव्यात. वरच्या व खालच्या ओळींतील खुणा एकाखाली एक न येता अर्धा मीटर सरकलेल्या असाव्यात. खुणेच्या जागचा दगड पहारीने हळूहळू हलवून काढावा. घणाचे घाव घालू नयेत. सुमारे ७५ मिलिमीटरचे आरपार भोक पाडावे, ते दोन्ही तोंडांशी रुंद ठेवावे, त्यात ८ मिलिमीटरची आकडे वळविलेली सळई ठेवून काँक्रीट भरावे आणि दहा दिवस पाणी मारावे. सर्व भोके एकाच वेळी पाडू नयेत. काम सुरू असताना छतास धिरे द्यावेत.

तिसरी गोष्ट म्हणजे घरास पट्टा बांधणे. दारे-खिडक्यांच्या वर, तसेच छताच्या खाली, भिंतीच्या आतून व बाहेरून जोडतारांच्या जाळीची पट्टी ठोकून तिच्यावर सिमेंटचा गिलावा करावा. ही पट्टी कोपऱ्यांवरून अखंड फिरली पाहिजे. पिंपाला जशी लोखंडी कडी, तसा घराला हा पट्टा होय.

केवळ बाहेरून दर्जा भरल्याने किंवा गिलावा केल्याने भिंत मजबूत होत नाही. तिचे दुखणे फक्त झाकले जाते. मातीच्या जुन्या भिंतींवर काँक्रीटचा जड स्लॅब टाकणे तर उघड धोक्याचे आहे. मजबुतीकरण केलेल्या घरास तडे जाणारच नाहीत, असेही नाही. मात्र ते एकदम कोसळत नाही आणि आतील माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो.

किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. इतर गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण यांसाठी अनुदान देण्यात आले आणि लोकांशी संपर्क ठेवण्यासाठी गावोगावी महिला संवाद सहायक नेमण्यात आल्या. तथापि, अनेक कुटुंबांनी त्या पैशातून नवी पक्की खोली बांधणे पसंत केले. आपत्ती ताजी असताना हे स्वाभाविकच होते. परंतु शेजारची जुनी भिंत तशीच राहिली. तिच्या आडोशाला धान्य ठेवले जाते, म्हातारी माणसे निजतात, मुले खेळतात.

म्हणून पंचायतीने आरंभ शाळेपासून करावा. शाळा, अंगणवाडी, चावडी व मंदिर यांपैकी कोणत्या इमारती दगड-मातीच्या आहेत, याची यादी करावी. ओळंबा लावून पोट सुटलेल्या भिंती व उघडलेले कोपरे हुडकावेत आणि अभियंत्याच्या सल्ल्याने काम हाती घ्यावे. एका शाळेचे काम गावच्याच गवंड्यांकडून, सर्वांच्या डोळ्यांदेखत झाले, तर घरोघरच्या भिंतींकडे लोक नव्या दृष्टीने पाहू लागतील. शिक्षकांनी मुलांना आपल्या घराची भिंत तपासावयास सांगितले, तरी मोठे कार्य होईल.

भूकंपाची वेळ कोणासही सांगता येत नाही. भिंतीत सांधा आहे की नाही, हे मात्र आजच पाहता येते.