आमची अर्धी मोटार

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला आहे ‘घर आणि छंद’. छंद माझा नव्हे, आमच्या ह्यांचा. पण ज्याचा छंद असतो त्याच्यापेक्षा त्याच्या घरच्या माणसांना त्या छंदाचा हिशेब अधिक ठाऊक असतो, म्हणून मी बोलायला उभी राहिले. आमच्या घरामागे ताडपत्रीखाली एक जुनी मोटार आहे हे वरसावे गावात सर्वांना माहीत आहे. येता-जाता “झाली का हो गाडी?” असे विचारले नाही अशी बाई या सभेत सापडणार नाही. तेव्हा आज एकदाच सर्वांना उत्तर देते.

ही मोटार म्हणजे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. आपल्याकडे हिला सगळे फियाटच म्हणतात, आणि ते खोटेही नाही. शेठ वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावर ही गाडी होत असे. १९६४ साली ती ‘फियाट डिलाइट’ होती, पुढे इटलीवाल्यांशी करार संपल्यावर ‘प्रेसिडेंट’ झाली, आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावावरून ‘पद्मिनी’ झाली. नावे तीन, गाडी तीच. त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे तर हेच रूप. तिच्यातली अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो आले होते. आमच्या मामंजींनी तो फोटो कापून देव्हाऱ्याशेजारी लावला आहे.

मामंजी गिरगावात एका घरी मोटार चालवीत. १९९९ साली गाडीला पंधरा वर्षे झाली, नोंदणी नव्याने करायची वेळ आली, आणि मालकांनी नवी गाडी घेतली. जुनी त्यांनी अगदी थोड्या पैशांत मामंजींना दिली. ज्या गाडीचे दार पंधरा वर्षे दुसऱ्यासाठी उघडले, ती स्वतःच्या नावावर झाली, याचे मोल आपल्याला बाहेरून कळायचे नाही. पुढे सोळा वर्षे तिने आमच्या घरची सगळी कार्ये पार पाडली. पुढची बैठक सलग एक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, त्यामुळे पुढेसुद्धा तिघे बसत. माझ्या धाकट्या नणंदेची पाठवणी याच गाडीतून झाली.

२०१५ च्या उन्हाळ्यात खाडीपुलाच्या कोंडीत दोन तास उभी राहून ती तापली, पाणी संपले, आणि इंजिनाने दम टाकला. ती दोरीने ओढून घरी आणली. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ह्यांनी ठरवले की नुसते इंजिन नव्हे, सगळी गाडीच नव्यासारखी करायची.

भगिनींनो, मोटार उलगडायला चार दिवस लागतात. स्वेटर उसवण्यासारखे ते काम आहे, धागा सापडला की हात थांबत नाही. दारे निघाली, बैठका निघाल्या, इंजिन तिवईला साखळी लावून उतरले. भाऊबीजेला आमच्या पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि हे मात्र आनंदात होते. मी एवढेच केले की लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढल्या, आणि प्रत्येक ठिकाणच्या नटबोल्टांची वेगळी पुरचुंडी बांधून तिच्यावर चिठ्ठी लावली. ‘डावे पुढचे दार’, ‘पेट्रोलची टाकी’, ‘मागचे पाटे’. पुढे सात वर्षांनी त्या पुरचुंड्या उघडल्या तेव्हा एकही बोल्ट कमी नव्हता.

सात वर्षे का लागली? हा प्रश्न विचारणाऱ्याने माझी हिशेबाची वही पाहावी. इंजिनाच्या बोअरसाठी साठवलेले पैसे सासूबाईंच्या मोतीबिंदूला गेले. पत्राकामाचे पैसे थोरलीच्या नर्सिंगच्या फीला गेले. एका वर्षी छपराचे पत्रे उडाले. हे चैनीचे खर्च नव्हते, त्यामुळे कोणाला बोल लावायचा? आणि पैशांहून कठीण गोष्ट म्हणजे वेळ. ह्यांचा कारखाना वसईला, म्हणजे खाडीपलीकडे. जुना पूल खचला, दुरुस्तीला निघाला, अवजड गाड्या थांबवल्या, ती सगळी वर्षे आपण सर्वांनी भोगली आहेत. पाच मैलांवरून माणूस रात्री दहाला घरी येई. त्याने हातपाय धुवावे की पाना धरावा? नवा पूल २०२३ साली सुरू झाला, तेव्हा सरकारने तो आमच्या मोटारीसाठीच बांधला असे मी सासूबाईंना म्हटले होते.

या काळात गाडी मात्र स्वस्थ बसली नव्हती, ती गंजत होती. आपल्याकडे एका अंगाला खाडीचे खारे वारे आणि दुसऱ्या अंगाला डोंगराचा पाऊस. जंगलाचा पालापाचोळा पाणी जाण्याच्या भोकांत अडकतो, तिथे पाणी साचते, आणि दाराखालची कड आतून खाल्ली जाते. वरून रंग शाबूत दिसतो, बोट दाबले की आरपार. तळाच्या पत्र्याला तर एवढे भोक पडले होते की आमची कोंबडी तिथून आत जाऊन अंडी घालीत असे. डेंटरने सांगितले, यावर नुसती लांबी भरून उपयोग नाही, लांबी गंज थांबवीत नाही, झाकते. कुजलेला पत्रा कापून चांगल्या पत्र्यापर्यंत जायचे, नवा तुकडा गॅसने जोडायचा, मग रेड ऑक्साइड. तसेच केले. एका खेपेला एक बाजू, पैसे जमले की दुसरी.

२०२० साल आठवा. कारखाना बंद, पगार नाही. तेव्हा एक भंगारवाला आला आणि वजनावर भाव सांगून गेला. घरात धान्य मोजून शिजवीत होतो, तेव्हा तो भाव काही लहान नव्हता. मी तो वहीत लिहून ठेवला आणि त्याला नाही म्हणून कळवले. पुष्कळ जणींनी तेव्हा मला वेड्यात काढले. पण मी पाहत होते की रोज उठून पुलापलीकडे जाणारा माणूस भिंतीकडे तोंड करून बसू लागला होता. त्याला मी कार्बोरेटर दिला आणि ओट्याची एक बाजू रिकामी करून दिली. तीन दिवस तो बारीक तारेने एकेक छिद्र साफ करीत होता. त्या तीन दिवसांत तो जेवताना बोलू लागला. भंगाराच्या पैशांत मला हे कुठे मिळाले असते?

आता माझ्या वाट्याचे काम. बैठका. बाजारात शिवून मिळतात, पण भाव ऐकून मी म्हटले, यंत्र घरात आहे, हात आहेत. आपल्या शिवणवर्गाच्या मुलींसाठी थोडे तपशिलात सांगते. जुने कव्हर फाडायचे नाही, शिवण उसवायची. तेच तुकडे आपली कापणी. आतल्या स्प्रिंगांवर गोणपाट आणि काथ्या असतो, तो उन्हात झोडपून पुन्हा वापरता आला, फक्त गोणपाट नवे घातले. सात मीटर रेक्झिन आणले. रेक्झिनला टाचणी लावू नये, टाचणीचे भोक कापडासारखे बुजत नाही, कायम राहते. मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. सोळा नंबरच्या सुया दोन तुटल्या, मग अठरा नंबरची आणली. टाका लांब ठेवावा. बारीक टाका घातला की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ होते आणि बसणाऱ्याच्या वजनाने तिथेच फाटते. रेक्झिन यंत्राच्या पायाला चिकटते, त्यावर उपाय म्हणजे थोडी टाल्कम पावडर. आणि चढवण्याआधी चैत्राच्या उन्हात गच्चीवर तासभर पसरावे, मऊ पडते. मग एकीने दाबायचे, दुसरीने ओढायचे. आमच्या पुढच्या बैठकीला शेजारच्या काकूंनी गुडघा लावून दाबले होते, त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बैठकांना चार महिने लागले. पण एक गोष्ट सांगते, त्या मोटारीत पहिल्यांदा पुरी झालेली वस्तू म्हणजे त्या बैठका.

ते पाहून मी घरात एक प्रश्न काढला. ह्यांचा छंद रविवारी सकाळी आठला सुरू होतो आणि दुपारी वरणभाताला थांबतो. वरणभात कोण करते? छंदासाठी त्यांना जो वेळ मिळतो तो आकाशातून पडत नाही, तो माझ्या वेळातून कापलेला असतो. मी भांडले नाही. मी म्हटले, रविवार एक वाजेपर्यंत तुमचा, शनिवार तीन ते सहा माझा. त्या तीन तासांत चहा, सासूबाईंचे औषध, दळण, दारावरचा माणूस, सगळे तुम्ही पाहायचे. हे २०२२ च्या आषाढातले बोलणे. तेव्हापासून मी या मंडळाच्या शनिवारच्या वर्गाला येते. पहिल्या महिन्यात दोनदा दूध उतू गेले, आता जात नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी छंदिष्ट माणूस असेल, मग तो कबुतरांचा असो की क्रिकेटचा, तिने घड्याळ पुढे ठेवून बोलावे.

दुसरी गोष्ट मी ठरवून घेतली, ती ही की एक काम पुरे झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. यावरून आमचा खरा वाद झाला तो रंगाचा. इंजिन बोअर होऊन आले होते, एका गॅरेजवाल्याने सात महिने ठेवून घेतले ते शेवटी बसवले होते, आणि ह्यांना कधी एकदा रंग देतो असे झाले होते. रंग दिसतो ना! लोक म्हणतात, झाली गाडी. मी म्हटले, आधी ब्रेक. चारी चाकांचे ड्रम, मास्टर सिलिंडर, आतले रबर, सगळे. एक तर आपली गल्ली संपली की समोर हमरस्ता आणि कंटेनरांची रांग, तिथे बिनब्रेकची गाडी रंगाऱ्याकडे न्यायची कशी? दुसरे, ब्रेकचे तेल रंगावर सांडले की रंग फुगून सोलवटतो, हे डेंटरनेच मला सांगितले होते. ह्यांना दुसरे कारण पटले, पहिले नाही. पुरुषांची तऱ्हा! त्याच वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलून घेतल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला सोसत नाही.

कागदांचेही एक दुखणे आहे. आमची नोंदणी २०१४ साली नवी केली होती, ती २०१९ ला संपली. तेव्हा जे काम सहाशे रुपयांत होत होते त्याला १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० रुपये. शिवाय पर्यावरणाचा कर वेगळा, आणि गाडी स्वतःच्या चाकांवर तपासणीला उभी करायला हवी. म्हणजे आम्ही जितके रेंगाळलो तितके दार महाग झाले. कोणी सुचवले, पन्नास वर्षांची होऊ द्या, मग ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवा, २०२१ सालापासून तसा नियम आहे. आमची पन्नास वर्षांची होईल २०३४ साली. आणि त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाला आणि मिरवणुकीलाच न्यायची. मामंजींना मिरवणूक नको आहे, त्यांना चिंचणीला बहिणीकडे जायचे आहे. त्यांचे वय आता चौऱ्याऐंशी. तेव्हा दर महिन्याला पाचशे रुपये एका डब्यात पडतात, त्या डब्यावर ‘कागद’ अशी चिठ्ठी आहे, आणि त्याला पाहुण्यासाठी, सणासाठी, कशासाठीही हात लावायचा नाही असे मी सर्वांदेखत सांगितले आहे.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी गाडी स्वतःच्या जोरावर घरामागून घरापुढे आली. तीस-पस्तीस पावलांचे अंतर. चाकामागे मामंजी बसले होते, शेजारी हे. चष्म्यातून त्यांना आता समोरचे नीट दिसत नाही, पण दांड्यावरचा गिअर त्यांच्या हाताला विचारावा लागला नाही. तुळशीवृंदावनापाशी त्यांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली, आणि ते उतरायलाच तयार नव्हते. सासूबाईंनी चहा गाडीत नेऊन दिला.

आता उरले ते असे. रंग द्यायचा आहे, तो पावसाळा सरल्यावर, कारण दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. कागद करायचे आहेत, डब्यात पैसे होत आले आहेत. आणि डाव्या पुढच्या दाराची लहान त्रिकोणी काच, जी दांडी फिरवून वाऱ्यासाठी उघडत असू, ती फुटली आहे. चोरबाजारात दोन खेपा घातल्या, मिळते ती उजव्या बाजूची. आपल्यापैकी कोणाच्या माहेरी, आजोळी, वाडीत एखादी पद्मिनी पडून असेल तर तिच्या डाव्या दाराकडे जरा पाहून मला सांगा. मी शनिवारी तीन ते सहा इथेच असते.